सातव्या ग्रुपाने बुडीत गावे यंत्रात घातली त्याची हकीकत

श्री शारदेस दंडवत. वाचणारांचे डोळे शाबूत राहोत आणि सर्व्हरास वीज अखंड असो. पुढे मजकूर ऐसा की, शके एकोणीसशे एकोणचाळीस, हेमलंबीनाम संवत्सरी, श्रावणमासापासोन मार्गशीर्षापर्यंत त्या राज्यात जे वर्तले ते यथामति लिहिले आहे. राज्याचे नाव लिहीत नाही, कारण ऐसी अभियांत्रिकीची राज्ये हमरस्त्याच्या कडेस, डोंगराच्या पायथ्याशी ठायी ठायी बसली आहेत, प्रत्येकास कमान आहे, कमानीवर संस्थापकांची तसबीर आहे, आणि एकाची हकीकत लिहिता दुसऱ्यास आपलीच वाटून रुसवा येतो. राज्यावर प्राचार्यसाहेब अधिपती, त्यांचे खाली विभागप्रमुख, ज्यांस सारे एचओडी म्हणत, आणि एचओडींचे खाली संगणकविभागी सुमेधाबाई खांबेटे म्हणोन प्राध्यापिका होत्या. बाई बावीस वर्षे एकच विद्या शिकवीत आल्या होत्या: माहिती कोठारात कैसी लावावी आणि लाविलेली माहिती मागाहून कैसी शोधोन काढावी. पहिलीस डेटाबेस म्हणतात आणि दुसरीस शोधविद्या. बाई सडसडीत, बोलणे तोडून, हाती सदैव लाल पेन, आणि अंतर्यामी एक हट्ट असा होता की ही विद्या फळ्यावर येत नाही, चौघांनी मिळोन खरे काम करावे तेव्हांच येते. म्हणोन त्या दरसाल पोरांचे ग्रुप पाडीत आणि प्रोजेक्ट देत.

आता ग्रुप म्हणजे काय, तेही सांगितले पाहिजे. ग्रुप चौघांचा. चौघांत एकजण राबतो, एकजण पीपीटी करतो, एकजण फाइलीस स्पायरल बायंडिंग करवून आणितो आणि एकजण आजारी असतो. आणि प्रोजेक्ट म्हणजे लायब्ररी, हॉस्पिटल अथवा हॉटेल, या तिहींवाचून चौथा विषय त्या राज्यात कोणी पाहिला नव्हता. वरच्या वर्षाची पोरे खालच्या वर्षास पेन ड्राइव्ह देत, खालची आपले नाव घालीत, आणि मग तेच हॉस्पिटल नवे होऊन दरबारी उभे राही. हे पाहोन बाई विटल्या होत्या. त्या एचओडींस बोलिल्या, "सर, यंदा एका ग्रुपला तरी खरा डेटा देते. खरी माणसं असलेला." एचओडी बोलिले, "मॅडम, खऱ्या माणसांचं सबमिशन वेळेत होत नाही." परंतु बाईंनी ऐकिले नाही, आणि पंचमीचे दुसरे दिवशी त्या खासा पुनर्वसन कचेरीत गेल्या.

त्याचे कारण ऐसे. सव्वीस वर्षांमागे वरच्या खोऱ्यात धरण जाहले होते, अकरा गावे पाण्याखाली गेली होती आणि रयत सात वसाहतींत पांगली होती. कोणाचे घर कोठे गेले, कोण वारले, कोणास मूल जाहले, कोणती लेक लग्न होऊन कोणत्या घरी गेली, हे सारे एका म्हाताऱ्या कारकुनाने रजिस्टरांत लिहून ठेविले होते. तो कारकून कैलासवासी जाहला, रजिस्टरे बस्त्यांत बांधली गेली आणि बस्त्यांस वाळवी लागली. बाईंनी बस्ते मागितले तेव्हां कचेरीचे साहेब इतके खूश जाहले की त्यांनी बाईंस दोनदा चहा पाजिला. मात्र शर्त घातली की, "सगळं कॉम्प्युटरात चढलं असं सर्टिफिकेट तुमच्या सहीनं द्या, म्हणजे हा ढीग आम्हाला काढून टाकता येईल. छत गळतंय, ठेवायचं कुठं?" बाई "देईन" म्हणोन बोलून गेल्या.

बस्ते कॉलेजात दाखल जाहले ती बातमी कॅन्टीनात पोचली. कॅन्टीनात पारूबाई म्हणोन भाकऱ्या थापणारी होती, पंचेचाळिशीची, थोराड हाडाची, सारे तीस मावशी म्हणत. तिने परातीत पीठ तसेच ठेविले, हात पदरास पुसले आणि लॅबच्या दाराशी येऊन उभी राहिली. बाई बाहेर आल्या, तो पारूबाई बोलिली, "बाई, त्यात बोरदऱ्याचं कागद हायेत का?" बाईंनी होकार दिला. "बाळू ढाण्याचं घर हाय का?" बाईंनी पुसिले, "तुमचे कोण ते?" मग पारूबाईने आपली कथा सांगितली ती ऐसी. बाळू ढाणे तिचा बाप. एकोणिसाव्या वर्षी ती परजातीच्या पोरासंगे निघोन गेली, बापाने तिचे नाव टाकिले, वेशीत पाऊल ठेविले तर तंगडी मोडीन म्हणाला, आणि पुढे वर्षभराने जीव राहवेना म्हणोन ती परत आली तो बोरदरे नाही, वेस नाही, नुसते पाणी. मागे नऊ वर्षांची बहीण होती, इंदू. आईबाप पुढे वारले इतके उडत उडत कानी आले, परंतु इंदूचे काय जाहले हे कोणासच सांगता येईना. कचेरीत गेली तर बस्ते दाखवून म्हणत, यात शोधावयास जन्म पुरणार नाही. "निगताना तिला सांगितलं बी न्हाई बाई म्या. झोपली हुती. तिचा हात माज्या पदरावर हुता, तो काडून ठिवला." मग पारूबाई बोलिली, "तुमच्या मिशनीत इंदी गावंल का?" सुमेधाबाईंचे मन भरोन आले. त्या बोलिल्या, "गावेल, मावशी. त्यासाठीच तर करतोय हे सगळं." ऐसे वचन दिले आणि बाईंस आपल्या बावीस वर्षांचे चीज जाहलेसे वाटले.

मग बाईंनी हे काम सातव्या ग्रुपास दिले. त्यात सिद्धेश मुळूक म्हणोन पुढारी होता, बोलण्यात पटाईत, प्रश्न विचारणाराचेच कौतुक करून उत्तर चुकवावे ही त्याची युक्ती. दुसरी अश्लेषा घुगे, मुखदुर्बळ, परंतु राबणारी ती हीच. उरले दोघे, त्यांपैकी एक बायंडिंगवाला आणि दुसरा प्रथेप्रमाणे आजारी. बाईंनी वर्गात शोधविद्येचे माप शिकविले की, "दोन गोष्टी बघायच्या. आणलं त्यातलं बरोबर किती, ही सोपी. आणि जे आणायला हवं होतं त्यातलं मागे किती राहिलं, ही अवघड. कारण मागे राहिलेलं दिसत नाही. ते हाक मारत नाही." हे वाक्य पोरांनी वहीत उतरून घेतले, कारण परीक्षेस येते.

मग भाद्रपदी डिझाइन तपासणी आली. एका दिवसात सतरा ग्रुप, दर ग्रुपास दहा मिनिटे, आणि त्यातही एचओडींचे तीनदा बोलावणे. सातवा ग्रुप पुढे आला तेव्हां बाईंचे डोके ठणकत होते. अश्लेषेने कागद पुढे ठेविला. त्यावर कोष्टक आखले होते, ज्यास टेबल म्हणतात, आणि त्यात एक उभा रकाना, म्हणजे कॉलम, ऐसा होता: 'पूर्वीचे नाव'. बाईंनी पुसिले, "हे काय?" अश्लेषा बोलिली, "मॅडम, रजिस्टरमध्ये बाजूला, मार्जिनमध्ये लिहिलंय ना, काही बायकांपुढे..." बाई बोलिल्या, "किती जणांना आहे हे?" "सगळ्यांना नाही मॅडम. थोड्यांनाच." "म्हणजे बाकी सगळा कॉलम रिकामा. आणि एका माणसाला दोन नावं? मी काय शिकवलं? एक गोष्ट एकाच जागी. काढ हे." अश्लेषेने "पण मॅडम," इतके म्हटले, तो सिद्धेश बोलिला, "बरोबर आहे मॅडम, मी तिला तेच म्हणत होतो," आणि बाईंनी लाल पेनाने तो कॉलम उभा चिरला, खाली सही केली आणि आठव्या ग्रुपास हाक मारिली. दहा मिनिटांतली दोन शिल्लक राहिली होती.

पुढे आश्विन-कार्तिकात लिहिणे चालले. सांगावयास लाज वाटते, परंतु बखर लिहिणाराने लाज धरू नये. सिद्धेशाने नवे कोठार रचिलेच नाही, वरच्या वर्षाचे हॉस्पिटल आणिले आणि त्याचे वरील नाव पुसून 'बुडीत गावे' असे घातले. मग धरणग्रस्त रयत जी होती ती आतून पेशंट राहिली, वसाहतीच्या जागी वॉर्ड राहिला, आणि जन्मसालाचे जागी 'वय' म्हणोन कॉलम होता तो तैसाच राहिला. रजिस्टरी कोणाचे वय कोणत्या साली लिहिले याचा मेळ नव्हता. कोणी नऊ वर्षांची लिहिलेली होती ती यंत्रात जन्मभर नऊ वर्षांचीच राहिली. ज्या ओळी कारकुनाने खोडल्या होत्या त्या घेऊ नयेत ऐसे ठरले, कारण खोडलेले ते रद्द. लग्न जाहले की कारकून बापाच्या पानावरील नाव खोडी आणि नवऱ्याच्या पानावर नवे नाव लिहून बाजूस बारीक अक्षरात जुने टिपी. खोडलेले गेले, आणि बारीक अक्षरास कॉलम नव्हता म्हणोन तेही गेले. अश्लेषेने एकटीने नऊ हजारांवर माणसे चढविली, तिचे मनगट सुजले, आणि बाई तीस शाबासकी देत की "अगदी डिझाइनप्रमाणे चाललंय."

मार्गशीर्षी तोंडी परीक्षा, जीस व्हायवा म्हणतात, ती जाहली. परमुलखातून एक्स्टर्नल साहेबांची स्वारी दाखल जाहली, त्यांस गुच्छ दिला, खोलीत पंखा नीट चालतो की नाही ते एचओडींनी जातीने पाहिले, आणि जेवणास काय हवे नको ते पुसोन मग कामकाजास आरंभ जाहला. सातवा ग्रुप पुढे आला. सिद्धेशाने पीपीटी दाखविली, पाण्याची चित्रे दाखविली, आणि साहेब सद्गदित जाहले. मग साहेबांनी पुसिले, "मागे किती राहतं तुमच्या सर्चमध्ये?" सिद्धेश बोलिला, "सर, फार छान प्रश्न विचारलात. काहीच नाही. शंभर टक्के सापडतं." कारण त्यांनी वीस नावे शोधोन पाहिली होती, आणि ती वीसही त्यांनीच चढविलेली होती. साहेब "वा" म्हणाले. त्याच समयी पारूबाई चहाचा ट्रे घेऊन आत आली. सुमेधाबाईंस तिला पाहोन उमाळा आला, त्या उठोन बोलिल्या, "सर, ह्या मावशींची बहीण बुडीत गावातली आहे, सव्वीस वर्षं ताटातूट आहे. आपल्यासमोरच शोधू या." सारे खूश जाहले. एचओडींनी फोन काढोन छबी टिपण्याची तयारी केली. पारूबाईने ट्रे टेबलावर ठेविला आणि पदर खांद्यावरून पुढे घेतला. सिद्धेशाने 'इंदू बाळू ढाणे' ऐसे घातले आणि कळ दाबिली. पडद्यावर आले, 'नो रेकॉर्ड फाउंड'. त्याने बापाचे नाव आणि आडनाव काढिले, नुसते इंदू घातले, तो एक इंद्रजित आला आणि दोन इंदुबाया आल्या, दोघीही सत्तरीपारच्या, दोघींपुढे मयत लिहिलेले.

पारूबाई पडद्याकडे पाहात राहिली, तीस अक्षरओळख नव्हती. ती बोलिली, "काय म्हंतंय?" सिद्धेश बोलिला, "मावशी, तिचं नावच नाहीये यात." "न्हाई म्हंजी?" "म्हणजे जेवढी माणसं आहेत तेवढी सगळी यात आहेत. यात नाही म्हणजे नाहीच." तो पोर दुष्ट नव्हता, त्यास गुण जातील याचे भय होते. पारूबाईने पुसिले, "म्हंजी गेली?" सुमेधाबाई "मावशी, तसं नाही, कधी कधी..." म्हणाल्या, परंतु काय तसे नाही, हे त्यांसही ठाऊक नव्हते. पारूबाईने कपांत चहा ओतिला, प्रत्येकासमोर ठेविला, एकही थेंब सांडिला नाही, आणि ट्रे घेऊन गेली. एक्स्टर्नल साहेब बोलिले, "असो. सिस्टीमनं उत्तर तर दिलं." आणि पन्नासांत अठ्ठेचाळीस गुण लिहिले. बाईंस चुटपूट लागली, परंतु त्यांनी मनाशी म्हटले, रजिस्टरातच नसेल. तेच दिवशी एचओडींनी कचेरीचे सर्टिफिकेट पुढे केले, आणि बाईंनी 'बस्त्यांतील सर्व नोंदी पूर्णपणे समाविष्ट' याखाली सही केली, आणि सर्टिफिकेटासंगे बस्तेही कचेरीत परत गेले.

मग कॅन्टीनात भाकरी बंद जाहली. पाच दिवस गेले, सहावे दिवशी बाईंनी सहज पुसिले, तो गल्ल्यावरचा बोलिला, "मावशी सुतकात आहेत मॅडम. धाकटी बहीण वारली ना त्यांची. तुमच्याकडूनच कळलं म्हणे." बाईंच्या हातातील डबा तैसाच राहिला. त्या तडक लॅबमध्ये गेल्या, अश्लेषेस बोलाविले आणि म्हणाल्या, "ढाणे घराणं पुन्हा बघ. रजिस्टरमध्ये इंदू होती की नव्हती?" अश्लेषा खाली पाहोन बोलिली, "होती मॅडम. नाव खोडलेलं होतं, पुढे मयत लिहिलेलं नव्हतं. म्हणजे लग्न झालं असणार. नवऱ्याच्या पानावर दुसऱ्या नावानं असेल ती, आणि मार्जिनमध्ये इंदू." "मग सांगितलं का नाहीस?" अश्लेषा बोलिली, "सांगत होते मॅडम. तुम्ही काढ म्हणालात." बाई खुर्चीत बसल्या. बाईंचेही स्वतःचे माहेरचे नाव रजनी आगटे होते. तांदळांच्या ताटात अंगठीने सुमेधा लिहिले गेले त्या दिवसापासोन रजनी कोणी म्हटले नव्हते. त्यांचा एमईचा प्रबंध त्याच नावाने ग्रंथालयी पडला होता आणि खांबेटे म्हणोन शोधिता तो कोणास सापडत नसे, याचे त्या स्वतःच वर्गात हसून उदाहरण देत. ज्या गोष्टीवर बावीस वर्षे हसल्या ती गोष्ट कागदावर समोर आली असता त्यांनी ओळखिली नाही. त्यांचे तोंडून इतकेच निघाले, "चल. बस्ते परत मागू."

दोघी रिक्षा करून कचेरीत गेल्या. जेथे बस्ते होते तेथे नवी प्लास्टिकची खुर्ची मांडून एक कारकून बसला होता. साहेब आदबीने बोलिले, "मॅडम, तुमचं सर्टिफिकेट आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी टेम्पो लावला. कागद गिरणीवर गेला. लगदा झाला असेल आता." बाईंनी गिरणीचा ठाव पुसिला आणि तेथेही गेल्या. तेथे एक मोठा हौद होता, त्यात राखाडी पाणी घुमत होते, आणि कामगार बोलिला की तो माल परवाच निघाला. अश्लेषा हौदाच्या काठी रडू लागली. बाईंस रडू आले नाही.

दहावे दिवशी बाई पारूबाईस शोधीत धरणावर गेल्या. पाणी उतरले होते, काठास चिखल भेगाळला होता, आणि पारूबाई एका दगडावर भाताचा पिंड ठेवून जरा दूर बसली होती. बाई पोचल्या तो कावळा पिंड घेऊन उडाला होता. पारूबाईचे तोंड उजळले होते, इतके हलके तोंड बाईंनी तिचे कधी पाहिले नव्हते. ती बोलिली, "बाई, लगीच शिवला. ठिवला न ठिवला तंवर आला. म्हंजी माज्यावर राग न्हवता तिचा. न सांगता गेले तरी न्हवता." सुमेधाबाई तिचे शेजारी चिखलात बसल्या. न सांगावे, ऐसे एकवार मनात आले. परंतु जिवंत माणसाचा पिंड दिला गेला हे पोटात ठेवून रोज तिच्या हातची भाकरी खावी, हे त्यांस होईना. त्या बोलिल्या, "मावशी, इंदू गेलेली नाही. म्हणजे गेली असं कुठं लिहिलेलं नाही. तिचं लग्न झालं, नाव बदललं. जुनं नाव मी लिहू दिलं नाही. चूक माझी आहे." पारूबाईने पुसिले, "मग कुटं हाय ती?" "त्या यादीत आहे. पण कोणत्या नावानं, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. कागद राहिले नाहीत."

पारूबाई रित्या दगडाकडे पाहात बसली. मग सावकाश बोलिली, "धा दिस रडले बाई. मोकळी झालते. तिचा राग न्हवता असं कावळ्यानं सांगितलं हुतं, ते बी काडून घेतलं तुमी." बाईंनी मान खाली घातली. पारूबाई बोलिली, "किती बाया हायेत त्यात?" बाई बोलिल्या, "चार हजार तीनशे सोळा." "कागद आनलाय?" बाईंनी आणिला होता. "मग वाचा." मग बाईंनी यादी काढिली आणि पहिल्यापासोन वाचू लागल्या: अंजना मारुती शेडगे. पारूबाई म्हणाली, "ही असंल?" बाई बोलिल्या, "असेल." अलका शंकर कदम. "ही?" "असेल, मावशी." आशा, इंदिरा, उज्ज्वला, ऐसी नावे येत गेली, आणि प्रत्येक नावास पारूबाई ही का म्हणोन पुसत गेली, आणि बाईंस कोणत्याही नावास नाही म्हणता येईना.

ऐसी ही हकीकत जाहली. सातव्या ग्रुपास अठ्ठेचाळीस गुण मिळाले ते कायम राहिले. बाईंनी ते कमी करावे म्हणोन अर्ज केला तो एचओडींनी निकाल लागला म्हणोन परत केला. राज्याच्या माहितीपत्रकी त्या प्रोजेक्टाचे चित्र छापून आले. अश्लेषा रविवारी वसाहतींत जाते, दारोदार पूर्वीचे नाव पुसते, निम्म्या दारांस कुलूप असते. आजमितीस इंदू सापडली नाही. सुमेधाबाई वर्गात तेच शिकवितात. मागे राहिलेले दिसत नाही, या वाक्यापाशी त्यांस थांबावे लागते, आणि पोरे समजतात, मॅडमना खोकला आला. लेखनसीमा.